खोगीरभरती नको, मांड हवी

पुण्याहून पहाटे साडेपाचला निघालो होतो. खंबाटकीचा घाट चढेपर्यंत सीट मखमलीसारखी वाटत होती. सातारा मागे पडला आणि मी भार या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर टाकू लागलो. कराडला चहाला उतरलो तेव्हा कंबर सरळ करायला दोन मिनिटं लागली. कोल्हापूर आलं तेव्हा मांडीच्या आतल्या बाजूला मुंग्या आल्या होत्या आणि माकडहाड ठणकत होतं. पुण्यापासून जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर. गोव्याचा बेत तिथेच सोडला. इंजिन ठणठणीत, टायर नवे, आभाळ स्वच्छ, हाताशी चार दिवसांची सुट्टी. प्रवास मोडला तो आदल्या आठवड्यात हौसेने बसवून घेतलेल्या सिंगल सीटने.

दुकानात मी ती अंगठ्याने दाबून पाहिली होती. अंगठा छान रुतला. ‘सोफा आहे साहेब, सोफा,’ दुकानदार म्हणाला. ते खरंच होतं आणि तोच तिचा दोष होता. सोफ्यावर माणूस पाय पसरतो, कूस बदलतो, पाणी प्यायला उठतो. गाडीवर तो तासन्‌तास एकाच जागी, एकाच कोनात, खालून हादरे खात बसतो. सोफ्याचा न्याय गाडीला लावता येत नाही.

मराठीत खोगीरभरती असा शब्द आहे. खोगिरात हाताला लागेल ते कोंबायचं, चिंध्या म्हणू नका, लोकर म्हणू नका, ती खोगीरभरती. पुढे कुठल्याही निकामी भरताडाला हाच शब्द चिकटला. घोडेस्वारीतलाच दुसरा शब्द मांड. मांड म्हणजे स्वाराचं जनावरावरचं बसणं. ती पक्की असली की स्वार दिवसभर दौडतो. आपल्या भाषेला बसण्याची इतकी जाण आहे आणि आपण लाखोंच्या गाडीवर खोगीरभरती पैसे मोजून बसवतो.

पैसे कुठे जातात ते बघा. गाडी घरी आली की आधी सायलेन्सर बदलतो. मग जादा दिवे, मग क्रॅश गार्ड, मग मोबाइलचा स्टँड, मग टाकीवर स्टिकर. अंगाचा बहुतेक भार जिथे टेकतो, त्या वीत-दीड वीत जागेचा नंबर सगळ्यात शेवटी. कारण उघड आहे. गुडघा दुखतो हे चारचौघांत सांगता येतं, बूड दुखतं हे सांगता येत नाही.

ही लाज महाग पडते. माकडहाडापाशी केस आत रुतून पू धरणारं एक दुखणं असतं, डॉक्टर त्याला पायलोनायडल सायनस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात खडबडीत रस्त्यांवर जीप हाकणाऱ्या अमेरिकी सैनिकांत ते इतकं बोकाळलं की त्याला ‘जीप डिसीज’ असं नावच पडलं. हजारो जवान त्यापायी इस्पितळात पडले. बसण्याची जागा चुकली तर धडधाकट फौज आडवी होते. तेव्हा लाज सोडा आणि नीट बोला.

*

खुर्चीवर ताठ बसा आणि दोन्ही तळहात कुल्ल्यांखाली सरकवा. दोन टणक उंचवटे लागतील. ही बैठकीची हाडं, कमरेच्या हाडाची खालची टोकं. निसर्गाने बसण्याचा भार पेलायला दिली आहेत ती हीच. माकडहाड त्यासाठी नाही. दोन मांड्यांमधला नाजूक भाग तर मुळीच नाही, कारण तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात.

बारीक केशवाहिन्यांमधला दाब साधारण 32 मिलिमीटर पारा इतका धरतात. एकाच ठिकाणी त्याहून जास्त दाब बराच वेळ राहिला की तिथलं रक्त अडू लागतं. आधी चुळबुळ, मग जळजळ, मग बधिरपणा. गाडीवर आपण सारखे सरकतो ते उगाच नाही. शरीर रक्ताला वाट करून देत असतं.

चांगल्या सीटचं काम एवढंच: भार त्या दोन हाडांवर घ्यायचा, त्यांच्याभोवती पसरून द्यायचा आणि मधला भाग मोकळा ठेवायचा. मऊ सीट नेमकं उलटं करते. हाडं खोल जातात आणि खालच्या पत्र्याला किंवा प्लॅस्टिकच्या बेसला टेकतात. आजूबाजूचा फोम वर फुगतो आणि मधल्या भागाला दाबतो. पहिली दहा मिनिटं ती सुख देते, तिसऱ्या तासाला वसूल करते.

म्हणून सीट घेण्याआधी स्वतःचं माप घ्या. खोक्याचा जाड नालीदार पुठ्ठा घ्या, लाकडी स्टुलावर ठेवा, त्यावर पातळ कपड्यांत बसा, किंचित पुढे झुका, अर्धा मिनिट थांबा. दोन खळगे उमटतील. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत फूटपट्टी लावा. सायकलची सीट निवडणारे हे माप नेहमी घेतात. बायकांचं सरासरी जास्त भरतं. सीटचा बसायचा भाग दोन्ही खळग्यांच्या बाहेर चांगला तीन-चार बोटं उरला पाहिजे. हाडं सीटच्या उतरत्या कडांवर आली तर फोम कितीही भारी असो, उपयोग शून्य. चपलेचं माप आपल्याला पाठ असतं. हे माप कुणालाच माहीत नसतं.

*

आता फोम. बाजारात एकच शब्द ऐकू येतो: डेन्सिटी. ‘चाळीस डेन्सिटी आहे, एकदम हार्ड.’ इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. त्यावरून तो किती दिवस टिकेल याचा अंदाज येतो. फोम दाबला की किती विरोध करतो तो त्याचा कडकपणा, आणि ते माप निराळं. जास्त डेन्सिटीचा फोम मऊ असू शकतो, कमी डेन्सिटीचा कडक असू शकतो. कमी डेन्सिटीचा कडक फोम दुकानात फसवतो आणि सहा महिन्यांत खड्डा धरतो. दुकानदाराला दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारा. त्याला फरक सांगता आला नाही तर पुढचं दुकान गाठा.

कसोटी सोपी आहे. मूठ नाही, अंगठा नाही, तर कोपर टेका आणि अंगाचा भार द्या. कोपराला खालचा बेस लागला तर सीट नापास. मला चांगली वाटते ती दोन थरांची रचना: खाली घट्ट फोम आणि वर बोटभर जाडीचा मऊ थर.

मेमरी फोमचं नाव मोठं आहे. 1966 साली अमेरिकेच्या नासाच्या कामातून तो आला. पण त्याचा स्वभाव लक्षात घ्या. तो उष्णतेने मऊ पडतो आणि थंडीत कडक होतो. विदर्भाच्या मे महिन्यात तो जसा बसेल तसा डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरात बसणार नाही. पातळ थर म्हणून ठीक, सगळी सीट त्याची नको.

जेलचंही तसंच. दाब पसरवतो हे खरं, पण उन्हात ठेवलेली जेलची सीट उष्णता धरून बसते. दुपारी ढाब्यावर जेवून या आणि त्यावर बसा, मग कळेल. जेल हवाच असेल तर वर फोमचा थर आणि गाडी सावलीत, एवढं पाळावं लागतं.

हवेच्या कप्प्यांची गादी मात्र मनापासून सांगण्यासारखी आहे. ती दुचाकीवाल्यांची कल्पना नव्हे, व्हीलचेअरवर आयुष्य काढणाऱ्यांसाठी ती आली. ज्यांना बसल्या जागी जखमा होतात आणि कळतही नाही, त्यांच्यासाठी एकमेकांना जोडलेल्या रबरी कप्प्यांची गादी अमेरिकेत रोहो या नावाने 1970च्या दशकात बाजारात आली. एअरहॉकसारख्या मोटरसायकलच्या गाद्या त्याच वंशातल्या. एका कप्प्यावर भार आला की हवा शेजारच्या कप्प्यात जाते. चूक एकच होते आणि ती बहुतेक जण करतात: टम्म फुगवतात. फुगा झाला की त्यावर माणूस डोलतो. हवा सोडत सोडत बूड बेसपासून बोटभरच वर तरंगेल इतकीच ठेवायची. नवी सीट करून घेण्याआधी ही गादी आठवडाभर वापरून बघा. कदाचित सीट बदलायची गरजच उरणार नाही.

*

सिंगल सीटचं खरं सुख असं की ती एकाच माणसासाठी कापलेली असते. मागच्याची सोय बघायची नसल्यामुळे पुढच्याला हवी तेवढी रुंदी मिळते. पुढे टाकीपाशी अरुंद, म्हणजे पाय जमिनीला पोचतात. मागे रुंद, म्हणजे हाडांना जागा मिळते. शिवाय मागची मोकळी जागा सामानाला.

पण एक सापळा आहे. खोलगट वाडग्यासारखी सीट बघायला सुंदर असते. तिच्यात माणूस एकदा बसला की अडकतो. मागे सरकायला जागा नाही, पुढे सरकलं तर उतार. आणि सरकणं हेच रक्ताला वाट देणं, हे आपण वर पाहिलं. म्हणून मागच्या टेकूपर्यंत चार बोटं जागा सुटलेलीच हवी. मागे सरकल्यावर तो टेकू कमरेला लागला पाहिजे, कुल्ल्याला नाही.

सीटचा उतारही बघा. बसल्यावर हळूहळू टाकीकडे घसरत असाल तर सगळा भार मनगटांवर येतो. मग माणूस हँडल बदलतो, ग्रिप बदलतो, हातमोजे बदलतो आणि दुखणं जिथल्या तिथे राहतं. पाणसळीसारखी लेव्हल दाखवणारं ॲप मोबाइलवर असतं. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मोबाइल सीटवर ठेवा. बसायचा भाग सपाट किंवा मागे किंचित झुकलेला हवा.

उंची कमी करताना गुडघ्याकडे लक्ष द्या. पाय टेकावेत म्हणून दोन इंच फोम छाटला की फूटरेस्ट आणि सीटमधलं अंतरही दोन इंच घटतं. गुडघा जास्त दुमडतो. सिग्नलला उभं राहायची सोय झाली, पण पाचशे किलोमीटरचा गुडघा गेला. फक्त पुढच्या कडा निमुळत्या करून घ्या. उंची तीच राहते आणि पाय खाली पोचतो.

स्प्रिंगवाली सीट अनेकांच्या मनात असते. दिसते देखणी यात वाद नाही. पण ती का आली ते माहीत असू द्या. जुन्या मोटरसायकलींच्या मागच्या चाकाला शॉकअपच नव्हते. चाक थेट सांगाड्याला. सगळे धक्के सीटखालच्या स्प्रिंगांनीच पचवायचे. रॉयल एनफिल्डच्या बुलेटला मागे झुलता आर्म आणि शॉकअप आले ते 1940च्या दशकाच्या अखेरीस. त्यानंतर स्प्रिंगची गरज संपली आणि रूप उरलं. आज स्प्रिंगची सीट लावायची तर स्प्रिंग तुमच्या वजनाची हवी. मऊ पडली तर खड्ड्यात तळ गाठते, कडक असली तर हलतच नाही. कोकणात फिरणार असाल तर गंजाचाही हिशेब धरा.

आणि शॉकअपचं निघालंच आहे तर सीटवर आरोप ठेवण्याआधी तेच तपासा. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या शॉकअपला पाच-सहा खाचा असतात. दोघांसाठी कडक केलेला शॉकअप एकट्या माणसाला फेकतो. टायरमध्ये हवा जास्त असली तरी तेच. हे दोन्ही फुकटात दुरुस्त होतं. ते न करता सीटला पैसे घालणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं.

*

कव्हरकडे आपण रंगासाठी बघतो, बघायला हवं शिलाईसाठी. शिवण बरोबर हाडांच्या खाली आली तर ती टोचणार. उठावदार चौकडीची शिलाई फोटोत झकास दिसते. तिचं प्रत्येक भोक म्हणजे पावसाळ्यात पाणी आत जायची वाट. फोमने एकदा पाणी प्यायलं की चार दिवस पिळून निघत नाही, आणि ओल्या सीटवर कातडी सोलवटते. बसायचा भाग एकसंध, शिवणी कडेला, आतून पाणी अडवणारा कागद, असं सांगून करून घ्या. कातडं देखणं, पण कोकणच्या चार महिन्यांत त्याला बुरशी धरते. चांगलं रेक्झिन आणि उन्हाळ्यात त्यावर जाळीचं कव्हर, हे आपल्या हवेला मानवतं.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही आणि आरसीत आसनक्षमता लिहिलेली असते. म्हणून मूळ सीट माळ्यावर नीट जपून ठेवा, बोल्ट तेच वापरा, काहीही कापू किंवा वेल्डिंग करू नका. शंका असेल तर आरटीओत विचारा. आणि सिंगल सीट लावल्यावर मागच्या मडगार्डवर किंवा कॅरियरवर कुणालाही बसवू नका. कलम 128 मागे बसणाऱ्याला चालकामागे पक्कं बसवलेलं आसन मागतं. इथे नियम आणि शहाणपण एकच गोष्ट सांगतात.

*

माझी सीट शेवटी जमली ती एका गल्लीतल्या सीटवाल्याकडे. टपरीएवढं दुकान. त्याने मला राइडिंगचेच बूट आणि पँट घालून यायला सांगितलं. गाडीवर बसवलं, पाय फूटरेस्टवर, हात हँडलवर. मागे उकिडवा बसून तो बराच वेळ बघत राहिला. मग खडूने दोन गोल काढले. फोम हॅकसॉच्या पात्याने छाटला, ग्राइंडरने घासला, जुनंच कव्हर तात्पुरतं ताणून मारलं आणि म्हणाला, ‘आठ दिवस चालवा. कुठं दुखतं ते लिहून आणा. टाका नंतर घालू.’ मी दोनदा परत गेलो. दोनदा त्याने बोटभर इथे, बोटभर तिथे काढलं. मग शिलाई.

सीट निवडण्याचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात आहे. टाका नंतर. दुकानातल्या पाच मिनिटांवर निर्णय घ्यायचा नाही, चौथ्या तासावर घ्यायचा. तयार सीट घेत असाल तर परत घेण्याची बोली आधी करा. ओळखीच्या कुणाची तशी सीट असेल तर एक रविवार मागून घ्या. आणि सीट जमली तरी दीड तासाला उतरा, पाणी प्या, चार पावलं चाला. उतरण्याला पर्याय असलेली सीट अजून कुणी बनवलेली नाही.

अशा कारागिराचे पैसे कापू नका. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट मोजणारा माणूस या टपरीवर शंभर रुपयांसाठी हुज्जत घालतो. ही हुज्जत बंद झाली पाहिजे. या माणसाच्या हातात आपला मणका असतो.

आणखी एक सांगायचं आहे. आपण हौसेने फिरतो, वर्षातून चार-सहा वेळा. पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन घरोघरी जेवण पोचवणारी पोरं रोज दिवसभर गाडीवर असतात, तीही खड्डा पडलेल्या सीटवर. त्यांचं दुखणं आपल्यापेक्षा मोठं आहे आणि लाजही. ज्या कंपन्या त्यांच्या मिनिटांचा हिशेब ठेवतात, त्यांनी एका गादीचा खर्च उचलावा. तोवर सोसायटीच्या फाटकाशी असा पोरगा दिसला तर त्याला कोपराची कसोटी सांगा, सीटवाल्याचा पत्ता द्या.

मराठी फौजेत बारगीर असत आणि शिलेदार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा आणि आपलं सामान घेऊन येई. कारखान्यातून आलेली सीट कुणा सरासरी माणसासाठी घडवलेली असते, आणि तो सरासरी माणूस कुठल्याच रस्त्यावर भेटत नाही. आपली हाडं मोजून आपलं खोगीर करून घेणं हे शिलेदाराचं काम आहे.

या सप्टेंबरच्या अखेरीस त्याच रस्त्याने पुन्हा गेलो. खंबाटकी, सातारा, कराड, कोल्हापूर. निपाणीला महामार्ग सोडला, आजऱ्याच्या बाजूने आंबोली गाठली. धुकं होतं, रस्ता ओला होता. घाटात धबधब्यापाशी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ उभा राहिलो. या वेळी थांबलो होतो ते धबधबा बघायला.